वायू आधी, दाब नंतर

फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या वायव्येला सुमारे १६० किलोमीटरवर, ‘मुंबई हाय’ या क्षेत्रात, ‘सागर सम्राट’ या रिगने खणलेल्या पहिल्याच विहिरीला तेल लागलं. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झालं आणि समुद्रातलं तेल टँकरमध्ये भरून किनाऱ्याला येऊ लागलं. ही हकिकत मराठी वाचकाला चांगली ठाऊक आहे. त्याच विहिरींतून तेलाबरोबर जो वायू वर येत होता त्याची हकिकत मात्र क्वचितच सांगितली जाते, कारण त्यातला बराचसा वायू किनाऱ्याला कधी पोचलाच नाही. तो प्लॅटफॉर्मच्या टोकाला पुढे काढलेल्या लांब नळीच्या तोंडाशी जळत राहिला. या जाळण्याबद्दल दोन मतं ऐकू येतात. सरकारी बेपर्वाईने राष्ट्राची संपत्ती जाळली, असं एक पक्ष म्हणतो. दुसरा म्हणतो, दुसरा उपायच नव्हता. माझ्या मते दोन्ही पक्ष अर्धे खरे आहेत, आणि कोणता अर्धा भाग कोणत्या वर्षापर्यंत खरा, हे ठरवता येतं. त्यासाठी राजकारणाच्या आधी वायूचा दाब, आकारमान आणि तापमान यांचं नातं समजून घ्यावं लागतं. पनवेल-उरणच्या पट्ट्याचा गेल्या पन्नास वर्षांचा औद्योगिक इतिहास या नात्याभोवतीच फिरला आहे.

हे नातं नवं नाही. बंद नळीतली हवा पाऱ्याने दाबत नेली तर तापमान तेच असताना दाब दुप्पट झाल्यावर आकारमान निम्मं होतं, हे रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये प्रसिद्ध केलं. आदल्याच वर्षी पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहकराराने मुंबई इंग्लंडच्या राजाला द्यायचं ठरलं होतं. १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीकडे आली, आणि पुढल्याच वर्षापासून काही काळ हाच बॉइल त्या कंपनीच्या संचालकांत होता. या योगायोगातून काही सिद्ध होत नाही. पण मुंबईवर इंग्रजांचा अंमल जितका जुना, जवळपास तितकाच हा नियम जुना, एवढं लक्षात ठेवायला तो उपयोगी पडतो. नंतर फ्रान्समध्ये जाक शार्लने आणि १८०२ मध्ये गे-ल्युसॅकने तापमानाची बाजू मांडली. दाब तोच ठेवला तर शून्य अंशाला असलेल्या आकारमानाच्या सुमारे एक दोनशे त्र्याहत्तरांश इतका वायू दर अंशाला फुगतो. १८३४ मध्ये क्लॅपेरॉनने हे नियम एका समीकरणात आणले. म्हणजे मुंबई हायला तेल लागलं तेव्हा हे ज्ञान शाळेच्या पुस्तकात होतं. ठाऊक नव्हतं म्हणून चुकलं, असं म्हणायची सोय कुणालाच नव्हती.

तरीही तेल आधी आलं आणि वायू मागे राहिला, त्यामागे एक साधं गणित आहे. एक लिटर डिझेल जाळून जितकी उष्णता मिळते तितकी मिळवायला आपल्या अवतीभवतीच्या हवेइतक्याच दाबाला असलेला सुमारे एक हजार लिटर नैसर्गिक वायू लागतो. तेलाचं आकारमान दाबाने जवळजवळ बदलत नाही. ते टाकीत ओता, जहाजात भरा, ते तेवढंच राहतं. वायू न दाबता वाहून न्यायचा तर तेलाच्या एका जहाजाच्या जागी हजार जहाजं हवीत. ही हजारपटीची दरी बुजवायचे मार्ग तीनच आहेत. वायू दाबून वाहिनीत घालायचा, दाबून टाकीत भरायचा, किंवा थंड करून त्याचा द्रव करायचा. तिन्हींसाठी यंत्रं लागतात आणि तेलाला सुरुवातीला यांतलं काहीच लागलं नाही. १९७६ मध्ये टँकर उभा करून तेल नेता आलं. वायू नेण्यासाठी त्या दिवशी समुद्रात काहीही नव्हतं.

मग वायू जमिनीतच का ठेवला नाही, हा आक्षेप लगेच येतो आणि तो रास्त आहे. उत्तर मुंबई हायच्या खडकात आहे. तिथलं मुख्य तेल समुद्रतळाखालच्या चुनखडकात, साधारण १,३०० ते १,४०० मीटर खोलीवर आहे. पाण्याच्या दर १० मीटर खोलीला एक वातावरण एवढा दाब वाढतो, या ढोबळ हिशोबाने तिथला मूळ दाब आपल्या हवेच्या १३० ते १४० पट भरतो. एवढ्या दाबाखाली वायूचा मोठा भाग तेलातच विरघळलेला असतो. तेल वर येतं तसा दाब उतरतो आणि सोड्याची बाटली उघडल्यावर व्हावं तसं तेल फसफसून वायू सुटा होतो. म्हणजे हा वायू तेलाचा सोबती आहे. तेल काढायचं आणि वायू खाली ठेवायचा, असं करता येत नाही. वर आलेला वायू पुन्हा खडकात घालता येतो, पण खडकातल्या दाबावर मात करायची तर किनाऱ्याला न्यायला लागतात त्याहून जबर कॉम्प्रेसर बसवावे लागतात. तेव्हा १९७६ मध्ये प्रत्यक्षात दोनच पर्याय होते: तेल आणि जळणारा वायू, किंवा दोन्ही नाही. १९७३ च्या अखेरीस जागतिक बाजारात तेलाचा भाव चौपट झाला होता. परकीय चलनाची गंगाजळी अपुरी असलेल्या देशाने पहिला पर्याय निवडला, आणि त्या वर्षांपुरता तो मला योग्य वाटतो.

कॉम्प्रेसर हे नाव साधं वाटतं, पण समुद्रात तो उभा करणं साधं नाही. वायू दाबला की तो तापतो. ३० अंशांचा वायू एका झटक्यात तिप्पट दाबाला नेला तर त्याचं तापमान १०० अंशांच्या पुढे जातं. तसाच पुन्हा तिप्पट दाबला तर यंत्राचे भाग आणि वंगण टिकणार नाहीत, शिवाय तापलेला वायू फुगू पाहतो, म्हणून त्याच कामाला जास्त ताकद लागते. यासाठी टप्पे करतात. दाबायचं, थंड करायचं, सुटलेलं पाणी व जड अंश काढून टाकायचे, मग पुन्हा दाबायचं. हवेच्या दाबाजवळ असलेला वायू ८० पटीपर्यंत न्यायचा तर तिप्पट-तिप्पट करत चार टप्पे होतात, आणि प्रत्येक टप्प्यानंतर कूलर हवा. हे सगळं चालवायला त्यातलाच थोडा वायू जाळणारी टर्बाइन लागतात. एवढा बोजा पेलणारा प्लॅटफॉर्म सुमारे ७५ मीटर पाण्यात, पावसाळ्याच्या लाटांत उभा करायचा असतो. वायूतलं पाणी काढलं नाही तर दाबाखाली पाणी आणि मिथेन मिळून बर्फासारखे खडे तयार होतात आणि नळी तुंबते. बॉइलचा नियम एका ओळीत लिहून होतो. तो समुद्रात अंमलात आणायला शेकडो टन पोलाद लागतं.

१९७८ मध्ये मुंबई हायपासून उरणपर्यंत सुमारे २०० किलोमीटरच्या दोन वाहिन्या सुरू झाल्या, एक तेलाची आणि एक वायूची. उरण हा एकेकाळी पनवेल तालुक्याचाच पेटा. खाडी, मिठागरं आणि भातशेतीचा हा मुलूख अचानक देशाच्या इंधनाच्या तोंडाशी आला. इथे एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवं. उरणला आलेला वायू एकजिनसी नव्हता. त्यात मुख्य मिथेन, आणि जोडीला प्रोपेन व ब्यूटेन. या तिघांचा स्वभाव वेगळा का, हे टॉमस अँड्र्यूजने १८६९ मध्ये दाखवून दिलं होतं. प्रत्येक वायूचं एक सीमातापमान असतं. त्याच्या वर कितीही दाबा, वायूचा द्रव होत नाही. प्रोपेनचं सीमातापमान सुमारे ९७ अंश, म्हणून कोकणच्या उन्हातही माफक दाबाने त्याचा द्रव होतो. मिथेनचं सीमातापमान शून्याखाली सुमारे ८३ अंश. पनवेलच्या हवेत तुम्ही मिथेन वाटेल तितका दाबा, तो वायूच राहील. घराघरांत १४.२ किलोच्या लाल सिलिंडरमधून प्रोपेन-ब्यूटेन पोचला आणि मिथेन मात्र वाहिनीच्या टोकाशी असलेल्या कारखान्यांतच अडकला, याचं कारण या दोन आकड्यांत आहे. उरणच्या प्रकल्पात एलपीजी वेगळा काढता आला, तो ट्रकवर चढला आणि घाटावर गेला. मिथेनला गिऱ्हाईक वाहिनीजवळच शोधावं लागलं. ट्रॉम्ब्याचा खतकारखाना, १९८२ पासून राज्य वीज मंडळाचं उरणचं वायू-विद्युत केंद्र, अलिबागजवळ थळचा खतप्रकल्प ही ती गिऱ्हाइकं. कुलाबा जिल्ह्याचं रायगड झालं ते १९८१ मध्ये, आणि त्याच दशकात या जिल्ह्याचा नकाशा मिथेनच्या या स्वभावाने नव्याने आखला.

वायू थंड करून त्याचा द्रव का केला नाही, असंही विचारलं जातं. शून्याखाली १६२ अंशांवर मिथेनचा द्रव होतो आणि आकारमान सुमारे सहाशेपट घटतं. अशा द्रवाचं पहिलं जहाज १९५९ मध्येच अटलांटिक ओलांडून गेलं होतं, म्हणजे तंत्र उपलब्ध होतं. पण तो कारखाना बसवायचा कुठे? समुद्रात तरंगता बसवण्याची विद्या तेव्हा नव्हती. किनाऱ्यावर बसवायचा तर वायू आधी वाहिनीनेच आणावा लागणार, आणि वाहिनीने एकदा उरणला आला की गिऱ्हाईक ट्रॉम्ब्याला, म्हणजे खाडीपलीकडे. दोनशे किलोमीटरसाठी वायूचा द्रव करणं हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरला असता. दूरच्या देशांतून आणायचा असेल तिथे थंडीचा मार्ग परवडतो, जवळच्या समुद्रातून आणायचा तिथे दाबाचा.

दुसरा आक्षेप शास्त्राचा आहे. पुस्तकातला नियम आदर्श वायूला लागू, खऱ्या वायूला नाही. मग त्यावर इतिहास कसा उभा करायचा? १८७३ मध्ये व्हॅन डर वाल्सने याचं उत्तर दिलं. रेणूंना स्वतःचं आकारमान असतं आणि ते एकमेकांना ओढतात, म्हणून दाब वाढला की वायू नियमापासून ढळतो. आज पनवेलच्या कोणत्याही सीएनजी पंपावर हे ढळणं मोजता येतं. गाडीची टाकी ६० लिटरची, दाब सुमारे २०० पट. बॉइलच्या हिशोबाने तीत १२ घनमीटर वायू मावायला हवा. प्रत्यक्षात मावतो साधारण १४, वजनाने नऊ-दहा किलो, कारण या दाबाला मिथेनचे रेणू एकमेकांना ओढून आणखी जवळ आलेले असतात. तापमानाचा भागही तिथेच दिसतो. भराभर भरताना टाकीतला वायू तापतो. ३० ऐवजी ५० अंशांना टाकी २०० दाखवू लागली तर शार्लच्या नियमाने सहा टक्के वायू कमी बसला, आणि गाडी पंपाबाहेर जाऊन निवली की काटा खाली येतो. पहाटे गॅस जास्त बसतो, असं रिक्षावाले म्हणतात ते म्हणूनच बरोबर आहे. नियमापासूनचं हे ढळणं दहा-वीस टक्क्यांचं आहे. माझा मुद्दा हजारपटीचा आहे, तेव्हा या दुरुस्तीने तो ढळत नाही.

खरा वाद पुढल्या काळाचा आहे. १९८० च्या दशकाच्या मध्याला देशातलं निम्म्याहून अधिक तेल मुंबई हायमधून येत होतं. १९७९ च्या दुसऱ्या भाववाढीनंतर उत्पादन झपाट्याने वाढवलं गेलं. पण खडकातला दाब हेही भांडवल असतं. तेल उपसलं की तो उतरतो, आणि एका मर्यादेखाली उतरला की वायू खडकातच तेलातून सुटा होऊ लागतो. मग विहिरीतून दर टन तेलामागे वायू जास्त येतो आणि तेलाला वर ढकलणारी ताकद उरत नाही. दाब टिकवायला पाणी आत घालावं लागलं, आणि पुढे ‘गॅस लिफ्ट’ आलं. म्हणजे दाबलेला वायू विहिरीत सोडायचा, तो तेलाच्या स्तंभात मिसळून त्याला हलका करतो, वर येता येता दाब कमी होऊन फुगतो आणि तेल उचलून आणतो. त्याच दशकात ओएनजीसीने पनवेलला दोन संस्था वसवल्या. तेल आणि वायूच्या उत्पादन तंत्राची एक, सागरी अभियांत्रिकीची दुसरी. विहिरीतला दाब कुठे किती उतरेल, वायू कोणत्या खोलीवर सोडायचा, नळीत काय गोठेल, प्लॅटफॉर्मचे पाय लाटा कशा सोसतील, हे प्रश्न तेव्हापासून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेच्या या आवारांत सोडवले जात आहेत. पनवेलकरांना तिथली कॉलनी माहीत असते, आत चालणारं काम क्वचितच. एका पिढीने तिथे दाबाचे तक्ते मांडण्यात आयुष्य घातलं, आणि त्यांची नोंद आपल्या स्थानिक इतिहासात असायला हवी.

ज्ञान इतकं जवळ असताना वायू तरीही जळत राहिला. १९९०-९१ मध्ये देशात सुमारे १८ अब्ज घनमीटर नैसर्गिक वायू निघाला आणि त्यातला ५ अब्ज घनमीटरहून थोडा जास्त जाळला गेला. त्यात मोठा वाटा मुंबईसमोरच्या समुद्राचा होता. रोजचे सुमारे १४ दशलक्ष घनमीटर झाले. आज महानगर गॅस मुंबई, ठाणे, पनवेल, रायगडमध्ये रोज जितका वायू विकते त्याच्या तिपटीहून हे जास्त आहे. इथे ‘दुसरा उपायच नव्हता’ हे मत टिकत नाही. उत्पादन सुरू होऊन चौदा वर्षं झाली होती. तेल किती वाढवायचं हे ठरवतानाच त्यासोबत किती वायू येणार हे काढता येत होतं, आणि तो दाबायला किती कॉम्प्रेसर लागतील हेही. तेलाच्या विहिरी आधी आणि वायूची यंत्रं नंतर हा क्रम १९७६ मध्ये अपरिहार्य होता. १९८५ नंतर तो निवडलेला होता. या काळाचं समर्थन करणारे म्हणतात की गिऱ्हाइकंच पुरेशी नव्हती. ते काही अंशी खरं आहे. हजिऱ्याहून उत्तरेकडे जाणारी लांब वाहिनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाली आणि तिचा मुख्य आधार वसईजवळच्या समुद्रातला वेगळा वायूसाठा होता. पण गिऱ्हाईक वाहिनीपाठोपाठ येतं, हे उरण आणि थळने दाखवून दिलं होतं. १९९१ मध्ये, परकीय चलनासाठी सोनं गहाण टाकण्याच्या वर्षी, वायू जाळणं कमी करण्याच्या प्रकल्पाला जागतिक बँकेने कर्ज दिलं. त्यात मुख्यतः होते कॉम्प्रेसर, प्लॅटफॉर्म आणि वाहिन्या. १९९५-९६ पर्यंत देशातला वायू २२ अब्ज घनमीटरच्या वर गेला आणि जळणारा २ अब्जाच्या खाली आला. विज्ञानात या पाच वर्षांत काहीच नवं घडलं नव्हतं. यंत्रं बसली, एवढंच घडलं.

दाबलेल्या वायूची दुसरी बाजूही या इतिहासात नोंदवायला हवी. २७ जुलै २००५ रोजी, मुंबई आदल्या दिवसाच्या प्रलयातून सावरत असताना, ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज एका जखमी माणसाला उतरवून देताना मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मच्या वायू वाहणाऱ्या उभ्या नळीवर आपटलं. लांब नळीत दाबून ठेवलेला वायू फुटक्या जागेतून बाहेर पडताना अनेकपट फुगतो, आणि सारी नळी रिकामी होईपर्यंत आगीला खाद्य मिळत राहतं. दोन तासांच्या आत प्लॅटफॉर्म कोसळला. २२ माणसं गेली. आपल्या स्वयंपाकघरातल्या शेगडीशी हाच वायू हवेपेक्षा अवघा २१ मिलिबार जास्त दाबाने येतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. तो तिथवर उतरवण्याचं काम करणारी माणसं हवेच्या शंभरपट दाबाशेजारी उभी असतात.

२००४ मध्ये गुजरातमधल्या दहेजला कतारहून द्रवरूप वायू येऊ लागला. शून्याखाली १६२ अंशांपर्यंत थंड करून जहाजाने आणायचा, किनाऱ्यावर ऊब देऊन पुन्हा वायू करायचा, दाबायचा आणि वाहिनीत सोडायचा. २००७ मध्ये दहेज-उरण आणि दाभोळ-पनवेल या वाहिन्या सुरू झाल्या आणि तो वायू पनवेलवरून दाभोळच्या वीजप्रकल्पाकडे जाऊ लागला. ज्या किनाऱ्यासमोर वायू जळत होता, त्याच किनाऱ्यावरून विकतचा वायू दक्षिणेला निघाला. कतारशी वर्षाला ७५ लाख टनांचा हा करार फेब्रुवारी २०२४ मध्ये २०४८ पर्यंत वाढवण्यात आला. एवढा द्रव वायूरूपात सुमारे १० अब्ज घनमीटर भरतो. १९९०-९१ या एका वर्षात देशाने जाळलेला वायू त्याच्या निम्मा होता.